‘रासायनिक संकेत’ सगळीकडे चालेल का?

दापोली भागातल्या शेतकऱ्यांसाठी वांग्याच्या मर रोगावर टिपण लिहितो आहे. मातीतले जिवाणू आणि बुरशी रसायने सोडून एकमेकांवर परिणाम करतात, असा एक भाग त्यात आहे. त्या सगळ्या रसायनांना ‘संकेत’ म्हणावे का?

— सगळ्यांना नको. संकेत म्हणजे दोघांत आधीच ठरलेली खूण. राल्स्टोनिया हा मरीचा जिवाणू आपल्याच जातभाईंसाठी एक रसायन सोडतो. गर्दी वाढली की ते साठत जाते आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळे मिळून चिकट पदार्थ तयार करू लागतात. ही खूण आपसांतली आहे, तेव्हा इथे ‘संकेत’ चपखल बसतो. या प्रकाराला १९९४ पासून ‘कोरम सेन्सिंग’ म्हणतात. ग्रामसभेमुळे कोरम गावोगाव माहीत आहे, त्यामुळे ‘गणपूर्तीची चाहूल’ म्हटले तरी लगेच कळेल. ‘संवेदन’पेक्षा मला ‘चाहूल’ फार आवडतो.

बुरशीचे मात्र वेगळे. हाच जिवाणू राल्सोलामायसिन सोडतो, त्याने बुरशी जाड भिंतीचे बीजाणू धरू लागते आणि जिवाणू त्यांच्यात शिरतो. यात ठरलेले काहीच नाही. ‘संकेत’ म्हटले की दोघांत सलोखा आहे असे वाटेल, आणि ते चूक ठरेल. ‘बुरशीला बीजाणू धरायला लावणारे रसायन’ असे सरळ लिहा. भातावरची एक फ्युजारियम बुरशी बिकाव्हेरिन हे लाल रंगद्रव्य बनवते, ते या जिवाणूला मारक ठरते. तिथे ‘बचाव’ म्हणा.

— माझा आग्रह ‘मर’ या शब्दाबद्दल आहे. आमच्याकडे वांगी-मिरचीच्या वाफ्यात झाड सुकले की ‘मर लागली’, मग कारण बुरशी असो की जिवाणू. त्यामुळे ‘जिवाणूजन्य मर’ लिहाच, शिवाय ओळखायचे कसे तेही द्या. या मरीत पाने पिवळी न पडता, हिरवी असतानाच दुपारी माना टाकतात, सुरुवातीला संध्याकाळी पुन्हा सावरतात. बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरायचा. थोड्या वेळात कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरतात. बुरशीच्या मरीत ते दिसत नाहीत.

— दोघांचेही आभार. असे लिहितो : ‘गर्दी झाल्याची चाहूल लागली की जिवाणू खोडात चिकट पदार्थ तयार करतात.’

— ‘खोडात’ऐवजी ‘खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत’ करा, म्हणजे भरपूर ओल असूनही झाड का सुकते ते तिथेच उलगडेल.