वर्गणी बंद केली की संघटना सुधारते? कशी, ते जरा सांगा

खडूफळा

परवा इथे एका सरांनी लिहिलं, "सगळ्या शिक्षक संघटना मेल्यात. वर्गणी द्यायचं बंद करा, आपोआप ताळ्यावर येतील." खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

वर्गणी बंद झाली की काय होतं, तर ज्याच्याकडे स्वतःची गाडी, डिझेलचा पैसा आणि पंचायत समितीत ओळख आहे तोच तालुकाध्यक्ष होतो. तो खर्च पुढे कुठून वसूल होतो हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण ते सर चिडलेत ते उगाच नाही. १ सप्टेंबर २०२५ ला टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाणार. आमच्या तालुक्यात लगोलग तीन संघटनांची तीन निवेदनं गेली. मजकूर जवळजवळ तोच आणि फोटोही तसाच. एका कागदाला सात जणांचे हात लागलेले, साहेब खुर्चीतून अर्धवट उठलेले, खाली ओळ: "साहेब सकारात्मक." पण शाळेत येऊन एकानेही विचारलं नाही की बाबांनो, तुमच्यात टीईटी नसलेले किती, पाच वर्षांच्या आतले किती, अभ्यासवर्ग हवेत की कोर्टात जायचंय. ही यादीच हातात नसेल तर मंत्र्यासमोर बसून बोलणार काय?

माझं म्हणणं असं: दर केंद्राला (आसपासच्या शाळांच्या गटाला) एक प्रतिनिधी, त्या केंद्रातल्या शिक्षकांनी चिठ्ठी टाकून निवडलेला. अध्यक्ष-सरचिटणीस दोन मुदतींनंतर खाली. जमाखर्च दर तिमाहीला ग्रुपवर. आणि संपावर जायचं की संप मागे घ्यायचा, हे सभासदांना विचारून. जुन्या पेन्शनचा संप १४ मार्च २०२३ ला सुरू झाला, २० ला मागे घेतला. तो निर्णय चूक की बरोबर हा वेगळा वाद. मी संपावर होतो आणि संप संपल्याचं मला टीव्हीवरून कळलं, एवढंच सांगतो.

माजी_चिटणीस

वा गुरुजी. चिठ्ठी टाकायला येणार कोण, तेही लिहायचं होतंत.

तालुक्याची सभा रविवारी लावली की "सर, एकच तर सुट्टी मिळते." शनिवारी दुपारी लावली की "एसटी चुकते." कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांची तीच सभा. आणि रात्री अकराला फोन मात्र चुकत नाही. सर, वैद्यकीय बिल अडकलंय. सर, वरिष्ठ वेतनश्रेणीच्या प्रस्तावावर त्रुटी काढलीय. हे फोन आयुष्यभर घेतलेत मी, टॉर्च लावून लोकांची सेवापुस्तकं वाचलीत. तेव्हा नाही कुणी दोन मुदती मोजल्या.

१९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप मी केलाय. नवीन नोकरी होती, घरात खाणारी तोंडं सहा. सहीचं पत्रक आणि मोबाइलवरचा अंगठा यात फरक असतो.

वर्गशिक्षिका

सर, ५४ दिवसांबद्दल आदर आहे, मनापासून. पण "कोणी येत नाही" हे जरा तपासू.

गेल्या वेळी सभा अकराची होती. प्रमुख पाहुणे आले दीडला. मग स्वागतगीत, शाल, श्रीफळ, सेवानिवृत्तांचा सत्कार, सत्काराला उत्तर. तीन वाजता "वेळेअभावी प्रश्नोत्तरं पुढच्या सभेत." माझा प्रश्न लिहिलेला कागद पर्समध्ये तसाच परत आला. प्रश्न इतकाच होता की बीएलओचं (मतदार यादीचं) काम महिला शिक्षकांकडून रात्री आठपर्यंत का करून घेतात आणि संघटना यावर तहसीलदारांशी बोलणार का. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणुकीचं काम बसतं हे मला माहीत आहे, प्रश्न वेळेचा आणि सुरक्षिततेचा होता.

आमच्या शाळेत पाच जणींमागे एक सर. कार्यकारिणीत बघा. "महिला आघाडी" म्हणून आम्हाला दिलेलं काम म्हणजे व्यासपीठावर पुष्पगुच्छ आणून देणं.

जामीनदार

तुम्ही सगळे फांद्या छाटताय, मुळाला कुणी हात लावत नाही. संघटना चालतात कशासाठी? शिक्षक बँकेसाठी, आपल्याच सहकारी बँकेसाठी. संचालक मंडळ ताब्यात घ्यायला पॅनेल लागतं, पॅनेलला संघटना लागते. प्रत्येक फुटीचा इतिहास काढा, शेवट बँकेच्या तिकिटावर होतो.

माझ्याच बाबतीत सांगतो. एका संचालकाच्या शब्दावर मी एका सहकाऱ्याला जामीन राहिलो. तो हप्ते भरेना, कपात माझ्या पगारातून सुरू झाली. संचालक म्हणाले, "बघतो." तीच व्यक्ती संघटनेची जिल्हाध्यक्ष. आता तक्रार कुणाकडे करू? जिल्हाध्यक्षांकडे जिल्हाध्यक्षांची?

सोसायटी_सभासद

जामीनदार सर, जामीन राहताना कागद वाचला होता का? बँकेला शिव्या घालणं सोपं आहे. माझ्या मुलीच्या ॲडमिशनला आठ दिवसांत कर्ज मिळालं ते याच बँकेतून. बाहेर विचारा, शिक्षकाला विनातारण कोण उभं करतं ते.

जामीनदार

आठ दिवसांत मिळालं कारण तुम्ही त्यांच्या पॅनेलचे. आमच्या केंद्रातल्या मॅडमचा अर्ज "सभेपुढे" होता, दोन सभा झाल्या तरी सभेपुढेच. लाभांशाचं तर बोलूच नका. वार्षिक सभेत व्याजदरावर प्रश्न विचारला की माईक बंद पडतो. आणि तो नेमका त्याच वेळी बंद पडतो, हा विज्ञानाचा विषय आहे.

सोसायटी_सभासद

माईक तुम्ही हिसकावलात म्हणून बंद झाला. मी तिथेच होतो. खुर्ची कुणी उचलली तेही सांगू का इथे?

जामीनदार

सांगा ना. बेधडक सांगा. आणि त्या सभेतल्या जेवणाचं बिल किती दाखवलं तेही सांगा.

प्रवाहाबाहेर

दोघेही थांबा, बँकेचा वेगळा धागा काढा.

शिकागोचं उदाहरण देतो. तिथल्या शिक्षक संघटनेत २०१० मध्ये वर्गातल्या शिक्षकांच्या गटाने निवडणूक जिंकली, कॅरन लुइस अध्यक्ष झाल्या. पदाधिकाऱ्यांचे पगार कमी केले आणि शाळाशाळांत फिरून माणसं जोडणारा विभाग उभा केला. संप करायचा तर एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांचा होकार हवा अशी अट कायद्याने घातली होती. हे व्हायचं नाही असं धरूनच घातली होती. त्यांनी आधी सरावाचं मतदान घेतलं, कोणत्या शाळेत कोण डळमळतंय ते पाहिलं, मग खरं मतदान. जवळपास ९० टक्के होकार. सप्टेंबर २०१२ मध्ये शाळेचे सात दिवस संप झाला.

माजी_चिटणीस

शिकागोत बदलीचा खो, म्हणजे दुसऱ्याने तुमची शाळा मागितली की तुम्ही उठायचं, तो बसत नाही हो. तिथला शिक्षक विस्थापित होऊन रँडम राउंडला, म्हणजे संगणक देईल त्या शाळेवर, जात नाही. आपल्याकडे एकाला सोय म्हणजे दुसऱ्याची गैरसोय, मग एकजूट कसली? आणि तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक "कामगार" बसत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय. आपल्या हातात कायदा नाही, साहेबांशी संबंधच आहेत. म्हणून निवेदन, म्हणून फोटो. हसताय ते हसा.

पवित्र_पोर्टलवाला

शिक्षणसेवक आहे, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावरचा शिक्षक. बोलू का?

मानधन १६ हजार. आधी ६ होतं, २०२३ मध्ये वाढलं, त्याबद्दल जे भांडले त्यांचे आभार, खरंच. पण रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन पावतीपुस्तकं समोर आली, अधिवेशनाची वेगळी. खोलीभाडं जाऊन हातात काय उरतं ते कुणी विचारलं नाही. तीन वर्षांच्या काळात रजा किती, कायम व्हायचा प्रस्ताव कुणी आणि कधी पाठवायचा, हे मला शाळेतल्या स्वयंपाकीण मावशींच्या मुलाने सांगितलं, कारण तोही शिक्षक आहे. चिटणीस सर, रात्री अकराला फोन करायला तुमचा नंबर तरी हवा ना आमच्याकडे?

आणि ऑनलाइन बदल्या आल्या २०१७ मध्ये. त्याआधी पदाधिकाऱ्यांकडे जायला कारण होतं, बदली. ते काम गेल्यावर नवीन काय शोधलंत?

माजी_चिटणीस

नंबर लेटरहेडवर असतो.

पवित्र_पोर्टलवाला

लेटरहेड साहेबांकडे असतं, सर.

खडूफळा

यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

जामीनदार आणि सोसायटी सर, तुमच्या भांडणातूनच एक मुद्दा उचलतो. बँकेच्या मतदानाला माणसं रजा टाकून येतात, बाळंतपणाच्या रजेवरच्या मॅडम रिक्षा करून येतात. का? मताला किंमत आहे म्हणून. संघटनेच्या निवडीत काय होतं? "अमुक सरांचं नाव सुचवतो", "अनुमोदन", टाळ्या. तिथे कोरम कशाला होईल? चिटणीस सर, लोक आळशी असते तर बँकेलाही आले नसते.

एकजुटीबद्दल सांगायचं तर सप्टेंबर २०२४ मध्ये संच मान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) आणि कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयाविरुद्ध सगळे एकत्र सामूहिक रजेवर गेलो होतो. तेव्हा खो आडवा आला नाही.

माजी_चिटणीस

घ्या, चिठ्ठ्या घ्या तुमच्या! म्हाताऱ्याला एवढं झोडलंत, आता ऐका. केंद्र प्रतिनिधीचं मी जिल्हा कार्यकारिणीत मांडतो, मला अजून बोलावतात. टीईटीची यादीही त्यांच्याकडूनच करून घेऊ, पण ती शिक्षण परिषदेच्या (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या) दिवशी बसून तुम्ही भरायची, नुसतं इथे लिहायचं नाही. दोन मुदतींचं मान्य नाही. कोर्टात केस चालू असताना माहितगार माणूस बदलला की वकिलाला पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

वर्गशिक्षिका

माहितगार माणूस सल्लागार म्हणून राहू शकतो, सर. त्याला खुर्ची लागत नाही. यादी मी भरते आमच्या केंद्राची, फक्त सभा अकराची असेल तर अकराला सुरू करा आणि सत्कार शेवटी ठेवा.

माजी_चिटणीस

सत्कार शेवटी ठेवला तर पाहुणे थांबत नाहीत.

वर्गशिक्षिका

मग थांबू नयेत.

जामीनदार

हे सगळं ठीक आहे. पण केंद्र प्रतिनिधी बँकेच्या निवडणुकीला उभा राहू शकणार नाही, हे आत्ताच घटनेत लिहून घ्या. नाहीतर प्रत्येक केंद्रात एक भावी संचालक तयार.

सोसायटी_सभासद

का? उभं राहायचा हक्क सगळ्यांना आहे. तुम्हाला तिकीट मिळालं नाही म्हणून नियम करायचा का?

जामीनदार

तिकीट मी मागितलंच नव्हतं. मागितलं असं कोण म्हणालं, नाव सांगा.