ट्यूनिंगनंतर ताकद वाढली, पण ॲव्हरेजचं काय झालं? तुमचे अनुभव सांगा

गाडी रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला (ईसीयूमधला) इंधन आणि ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता, मॅप, बदलून आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो: "काय पळते आता!" आणि "शिवाय ॲव्हरेजही वाढलं." पहिली गोष्ट पाठ सीटला टेकली की लगेच कळते. दुसरी कळायला टाक्या मोजाव्या लागतात, आणि त्या फारसं कुणी मोजत नाही. म्हणून हा धागा. इंजिन कोणतं, काय बदललं, कसं मोजलं, एवढं जरूर लिहा. फसलेले प्रयोग तर नक्की लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होतो.

सुरुवात माझ्यापासून करतो. दोन लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गियर. रिमॅपच्या आधी दहा टाक्या मोजल्या, नंतर दहा. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वर थेंबभरही नाही, आणि ओडोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. लिटरला ११.२ किलोमीटरचे ११.९ झाले. डॅशबोर्ड मात्र १३.४ दाखवत होता! ट्रिप कॉम्प्युटर टाकीत डोकावत नाही, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून तो हिशेब मांडतो. माझ्या मॅपमध्ये इंजेक्टरचा आकडा हलवलेला होता, त्यामुळे तो हिशेबच चुकला. तेव्हा कृपया डॅशबोर्डचे आकडे देऊ नका.

हे ०.७ आले कुठून? पेट्रोल कमी सोडून नाही. सरळ रस्त्यावर एका वेगाने जाताना कंपनीचा मॅपही १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हेच प्रमाण धरून असतो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला तेच लागतं, तिथे काटकसरीला जागाच नाही. माझ्याकडे वाढला तो कमी फेऱ्यांतला टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. २,५०० आरपीएमला २२० न्यूटन-मीटरचे २६० झाले, म्हणजे त्याच फेऱ्यांना सुमारे ७८ अश्वशक्तीच्या ९२. त्यामुळे मी गियर लवकर वर टाकतो. इंजिन कमी फेऱ्यांत आणि जास्त उघड्या थ्रॉटलवर (हवेच्या झडपेवर) चालतं, अर्धवट बंद थ्रॉटलमधून हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद वाचते. जोरात हाणली की हे ०.७ कुठल्या कुठे जातात, तेही मोजलंय.

१.६ लिटर, टर्बो नसलेलं इंजिन

माझं थोडक्यात. रिमॅपने डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ४ अश्वशक्ती वाढली, ॲव्हरेज होतं तिथेच. टर्बो नाही म्हणजे आत जाणारी हवा तेवढीच, मग मॅप तरी काय करणार? नवे स्पार्क प्लग, व्हील अलाइनमेंट आणि टायरमधली नेमकी हवा यांनी मला त्याहून जास्त दिलं.

टर्बो हॅचबॅक, उघडा कोन फिल्टर

कंपनीचा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा बंद डबा) काढून मी बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला. आवाज इतका छान की पहिला आठवडा मी खिडक्या उघड्या ठेवूनच फिरलो. मग गाडीच्या तपासणी सॉकेटला (ओबीडी) ॲप जोडून इनटेकचं, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं, तापमान पाहिलं. गर्दीत सरकताना ते ६४ अंशांवर गेलेलं. एअरबॉक्स असताना तशाच गर्दीत ते चाळिशीत असायचं. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते, आणि वर ईसीयू नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी भडकून ठोके पडण्याच्या) भीतीने स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो. त्याच डायनोवर तापल्या इंजिनाने चाकांवर ६ अश्वशक्ती कमी निघाल्या. जुना एअरबॉक्स परत बसवला, समोरच्या जाळीतून गार हवा आणणारी नळीही नीट जोडली. गेलेलं सगळं परत आलं. आवाजाची आठवण येते, पण आता तो फिल्टर परत लावणार नाही.

टर्बो सेडान, तयार फाइल

माझी चूक सविस्तर लिहितो. गाडीचे लॉग (चालतानाच्या नोंदी) न घेताच बनवलेली तयार मॅप फाइल मी टाकून घेतली. पाचव्या गियरमध्ये १,८०० आरपीएमला पूर्ण पाय दिला की पुढून बारीक खडखड यायची, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. लॉगमध्ये तिसऱ्या सिलिंडरला ईसीयू स्पार्क ६ अंश मागे घेत होता. तो आकडा मी पाहिला होता. "ईसीयू सांभाळून घेतोय ना," असं म्हणून महिनाभर तसाच फिरलो.

एके दिवशी सायलेन्सरमधून निळसर धूर आला. कॉम्प्रेशन तपासलं तर तीन सिलिंडरला १२ बारच्या आसपास आणि तिसऱ्याला ६. पिस्टन बाहेर काढला तेव्हा दोन रिंगांमधली कड तुटून तिचा नखाएवढा तुकडा माझ्या तळहातावर आला. कमी फेऱ्यांत जास्त बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) ही इंजिनाला सगळ्यात जड जाणारी जागा आहे, हे मला त्या तुकड्याने शिकवलं. आता मॅप नवा आहे, ३,००० च्या खाली बूस्ट मुद्दाम आवरलेला आहे, आणि मी वरच्या गियरमध्ये पाय आधी उचलतो, मग गियर खाली घेतो.

(धागाकर्ता: हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नॉकिंग ऐकणारा नॉक सेन्सर हा मुळात शेवटचा पहारेकरी. साब या स्वीडिश कंपनीने १९८२ मध्ये टर्बो गाड्यांना एपीसी ही यंत्रणा दिली, तीही नॉकिंग ऐकून बूस्ट कमी करायची. ऐकण्याची सोय आहे म्हणून रोज ठोके पडू द्यायचे नसतात. मॅप बरोबर असेल तर लॉगमधल्या स्पार्क मागे घेतल्याच्या रकान्यात बहुतेक वेळ शून्य दिसायला हवा.)

टर्बो कूपे, ई८५

इथे ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही एकत्र मिळत नाहीत, हे आधीच सांगतो. ई८५ या इथेनॉल-पेट्रोल मिश्र इंधनात इथेनॉल जास्त, ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची ताकद) जास्त, आणि बाष्प होताना ते आतली हवाही गार करतं. स्पार्क पुढे नेता आला, बूस्ट वाढवता आला, गाडी ओळखू येईना. पण त्याचं हवेशी प्रमाण ९.८ च्या आसपास आहे, पेट्रोलसारखं १४.७ नाही. तेवढ्याच हवेला कितीतरी जास्त इंधन लागतं. मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप आधी घातले, मगच मॅप केला. टाकी जवळजवळ तीस टक्के लवकर रिकामी होते. मी ट्रॅकवर जातो, म्हणून मला चालतं.

जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार, जोड कार्बुरेटर

आमच्या काळात ईसीयू नव्हता, पण गणित तेच. एक्झॉस्टमध्ये मिश्रणाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला तर साध्या वेगातही मिश्रण १२ च्या खाली, म्हणजे पेट्रोल नुसतं वाया जात होतं. कार्बुरेटरच्या सुया आणि जेट झिजले होते. ते बदलले, दोन्ही कार्बुरेटर सारखी हवा ओढतील असे जुळवले. गाडी सुधारली, पण मन भरेना.

मग ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे पाहिलं. आधीच्या मालकाने व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (हलक्या पायाला ठिणगी आधी देणाऱ्या सोयीची) नळी काढून तोंडाला स्क्रू मारला होता, "रेसच्या गाडीला हे लागत नाही" म्हणून. रेसमध्ये पाय सतत दाबलेला असतो, तिथे खरंच लागत नाही. रस्त्यावर पाय हलका असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, त्याला ठिणगी आधी लागते. नळी तोंडात धरून हवा ओढली आणि टोकावर जीभ ठेवली. आतला पडदा शाबूत असेल तर जीभ चिकटून राहते. माझी सुटली. पडदा फाटलेला.

नवा कॅप्सूल (पडद्याची डबी) बसवला आणि टायमिंग लाइट धरून बघितलं. हलक्या थ्रॉटलवर पुलीवरची खूण १२ अंश पुढे सरकली. त्यानंतर लिटरला ९.५ चे ११ झाले, टाकीच्या हिशेबानेच. इंजिनाचं तापमानही उतरलं.

(धागाकर्ता: लिटरमागे दीड किलोमीटर, या धाग्यातली सगळ्यात मोठी वाढ! एक विचारू का? पूर्ण थ्रॉटलला काही फरक पडला?)

काहीच नाही. पाय पूर्ण दिला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम संपतो आणि तो पडदा सुटतो. वरची ताकद सुया आणि जेटनेच दिली. पण तिसऱ्या गियरमध्ये हलका पाय ठेवला की गाडी आता हिसका न देता ओढते. गेली सहा वर्षं मी ते हिसके म्हणजे या गाडीचा स्वभावच समजत होतो.