भिशीत वीस मिनिटं बोलायचंय: पॅरिसच्या सलाँमधली कोणती बाई निवडू?

अबोली:
आमची भिशी दहा जणींची. यंदापासून ठरलंय की आधी एकीने वीस मिनिटं एखाद्या विषयावर बोलायचं, मग खाणं. श्रावणातली भिशी माझ्याकडे आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी 'सलाँ' हा शब्द एका वाक्यात येऊन जायचा, आणि ज्यांच्या दिवाणखान्यात हे सगळे विचारवंत जमायचे त्या बायकांची नावंसुद्धा मी कधी सांगितली नाहीत. ते मनाला लागून राहिलंय. एकच निवडायची तर कोण?

नदीकाठ:
मादाम जोफ्रँ, दुसरं नावच नको. जन्म १६९९चा. चौदाव्या वर्षी लग्न, नवरा पन्नाशीला टेकलेला, काचकारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. शाळा अशी नाहीच, शुद्धलेखन शेवटपर्यंत कच्चं. शेजारच्या मादाम द तांसँच्या बैठकीत बसून ऐकत ऐकत शिकल्या. मग स्वतःच्या घरी सोमवारी चित्रकार-शिल्पकार, बुधवारी लेखक मंडळी. विचारवंत दिदेरोच्या विश्वकोशाला पैसाही पुरवला. आणि हो, त्यांना नुसतं 'यजमानीण' म्हणू नका. कोण कोणाशेजारी बसेल, कोणाला कधी बोलतं करायचं, हे त्या ठरवायच्या.

शेवंती:
नदीकाठ, तुमचं पटतं, पण भिशीसाठी मी ज्यूली द लेस्पिनास सुचवेन. अनौरस मुलगी, हातात पैसा नाही. १७५४ साली मादाम द्यु देफाँकडे सोबतीला आली; त्याही पॅरिसमध्ये सलाँ भरवायच्या. बाईंची नजर जात चाललेली, त्या उठायच्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास. गणितज्ञ दालांबेर आणि बाकीचे पाहुणे तासभर आधी येऊन ज्यूलीच्या छोट्या खोलीत बसायला लागले. १७६४ला बाईंना कळलं आणि दहा वर्षांची सोबत तुटली. दालांबेर ज्यूलीच्या बाजूने उभा राहिला.
तिने भाड्याचं घर घेतलं. जेवण घालायची ऐपत नव्हती, म्हणून घातलंच नाही! रोज पाच ते नऊ, नुसतं बोलणं, आणि तरी लोक यायचे. मार्मोंतेल या लेखकाने म्हटलंय की निरनिराळ्या स्वभावांची माणसं तिच्याकडे वाद्याच्या तारांसारखी जुळायची. विशेष म्हणजे तिला वर्षासन बांधून दिलं ते जोफ्रँबाईंनीच.

माळरान:
शिकवणारी बाई हवी असेल तर बर्लिनची हेन्रिएटे हेर्त्सही बघा. नवरा डॉक्टर, जर्मन तत्त्वज्ञ कांटचा विद्यार्थी. तो एका खोलीत तत्त्वज्ञान नि भौतिकशास्त्रावर व्याख्यानं द्यायचा, दुसऱ्या खोलीत हिच्याभोवती तरुण मुलं साहित्यावर बोलत बसायची. पुढे बर्लिन विद्यापीठ उभं करणाऱ्या विल्हेल्म फोन हुम्बोल्टला हिब्रू हिने शिकवलं.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यूली नक्की. एक अडचण विचारते: आमच्यात एक मैत्रीण बोलायला लागली की थांबतच नाही, बाकीच्या गप्प होतात. तिला दुखवायचं नाहीये.

नदीकाठ:
अबोलीताई, जोफ्रँबाईंकडे गाडी राजकारणाकडे किंवा धर्माकडे घसरली की त्या शांतपणे म्हणायच्या, "हं, हे छान झालं." समोरच्याला कळायचं. पण लगेच दुसऱ्या कोणाला नाव घेऊन प्रश्न विचारा, नाहीतर ती जागा रिकामी राहते आणि पहिलीच परत सुरू होते.

अबोली:
करून बघते. आणि त्या दिवशी साबुदाणा वडे रद्द, फक्त चहा. पाच वाजता बोलावते सगळ्यांना.