मदत हवी आहे: १९९८ सालावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम

आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. '१९९८ मध्ये काय काय घडलं' हा अर्धा तास माझ्या गळ्यात पडलाय.

बातम्या सहज जमल्या. मार्चमध्ये वाजपेयी पंतप्रधान झाले, ११ आणि १३ मे रोजी पोखरणच्या चाचण्या झाल्या, ऑक्टोबरमध्ये अमर्त्य सेन यांना नोबेल जाहीर झालं. शिवाय कांदा! त्याच्या भावाने नोव्हेंबरात दिल्लीचं सरकार घालवायला चांगलाच हातभार लावला. शारजा तर हवंच: २२ एप्रिलला वाळूचं वादळ आणि सचिनचे १४३, मग २४ तारखेला, वाढदिवशी, १३४. (यावरच अर्धा तास जाईल, पण बायकामंडळी आत्ताच कुरकुरतायत.)

अडलंय ते करमणुकीत. 'सीआयडी' त्याच जानेवारीत सुरू झाली आणि धावत्या ट्रेनच्या टपावरचं 'छैय्या छैय्या' त्याच वर्षीचं, एवढं पक्कं आहे. पण मराठीची बाजू कोरीच. त्या वर्षी गाजलेली नाटकं, मालिका, कॅसेट, जाहिराती सुचवा ना. शक्यतो महिन्यासकट, कारण ९७ आणि ९९ च्या गोष्टी हमखास घुसतात आणि आमच्यात एक मास्तर आहेत. त्या वर्षीच्या मराठी वर्तमानपत्रांचे अंक कुठे चाळायला मिळतील?