गोली (गोलकीपर) परदेशात गेला आणि बेंचवर (राखीव म्हणून) बसला, तर त्याचं चुकलं का?

अर्धवेळ_गोली
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आपला गोली गुरप्रीत सिंग संधू 2014 ला ईस्ट बंगाल सोडून नॉर्वेच्या स्टाबेकला गेला तेव्हा 22 वर्षांचा होता. आपण सगळे खूश, की चला आपला एक पोरगा युरोपातल्या टॉप डिव्हिजनला लागला. पण तीन वर्षांत लीगच्या मॅचेस मिळाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या, कारण पुढे आयव्हरी कोस्टचा सायूबा मांडे होता आणि तो काही जागा सोडायला तयार नाही. लीगमध्ये पहिली संधी यायलाच 2016 उजाडलं. मग त्याच वर्षी जूनमध्ये युरोपा लीगच्या क्वालिफायरला उतरला, असा पहिला भारतीय, आणि तिथे अर्ध्या तासात दुखापत होऊन बाहेर. काय नशीब बघा. 2017 ला परत, बेंगळुरू एफसीत.

तर प्रश्न असा की एवढ्या वयात गोलीने मोठ्या लीगमध्ये जाऊन बेंच गरम करावा का? घरी राहिला असता तर तेवढ्या काळात ढीगभर मॅचेस झाल्या असत्या ना?

पेनल्टी_बॉक्स
गोलीचं गणित बाकीच्यांपेक्षा वेगळं असतं रे. फॉरवर्ड असेल तर कोच 75व्या मिनिटाला आत टाकतो, एखादा गोल मारला की पुढच्या मॅचला अर्धा तास मिळतो, असं करत करत पोरगा टीममध्ये घुसतो. गोलीला हा जिनाच नाही. पहिला गोली जखमी झाला, रेड कार्ड खाल्लं किंवा पार ढेपाळला तरच नंबर. नाहीतर कपच्या मॅचेस, त्याही कोचची मर्जी असेल तर.

अर्जेंटिनाचा गोली एमी मार्टिनेझ बघ. 17व्या वर्षी इंडिपेंडिएंते सोडून आर्सेनलला आला, 2010 ला. पुढची दहा वर्षं नुसती लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबाकडे) वणवण, ऑक्सफर्ड, शेफिल्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्हज, गेटाफे, रेडिंग. गेटाफेत तर तिथेही बेंचवर, म्हणजे लोनवर जाऊन पण बसायचंच. मग जून 2020 ला ब्रायटनविरुद्ध आर्सेनलच्या पहिल्या गोलीचा, लेनोचा गुडघा गेला आणि हा आत आला. ऑगस्टमध्ये एफए कप जिंकला, सप्टेंबरमध्ये अ‍ॅस्टन व्हिला क्लबाला गेला, अर्जेंटिनासाठी पहिली मॅच 28व्या वर्षी, आणि 2022 चा वर्ल्ड कप आपण सगळ्यांनी बघितलाच आहे, फायनलच्या शेवटच्या मिनिटाला फ्रान्सच्या कोलो मुआनीचा तो शॉट पायाने अडवला तेव्हा मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो.

खडूस_रेफरी
झालं, आला मार्टिनेझ. प्रत्येक धाग्यात हा येतोच. अरे जे वर आले त्यांचीच गोष्ट आपल्याला माहीत असते, लेनोचा गुडघा शाबूत राहिला असता तर हा माणूस आज कुठे असता? एकेका मोठ्या क्लबात चार-चार गोली सह्या करून ठेवलेले असतात, त्यातले दोन तर ट्रेनिंगमध्ये शॉट खायलाच असतात आणि 25-26 चे झाले की अलगद सोडून देतात, त्यांच्यावर कोणी धागे काढत नाही. गुरप्रीतचं सोडा, तो निदान मेन टीमबरोबर तरी होता.

अर्धवेळ_गोली
@खडूस_रेफरी पण मग क्लब एवढे परदेशी पोरगे गोळा करतात कशाला? खेळवायचंच नाही तर.

उजव्या_पायाचा
त्याचं एक कारण नियमात आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 25 जणांच्या यादीत होमग्रोन नसलेले जास्तीत जास्त 17 चालतात. आणि होमग्रोन म्हणजे इंग्लंडमध्ये जन्मलेला असं नाही, 21 वर्षांचा व्हायच्या आत तीन सीझन इंग्लंड-वेल्सच्या क्लबात काढले की झाला होमग्रोन. म्हणून पोरगा कोवळा असतानाच आणायचा. गोली डेव्हिड राया बार्सिलोनाजवळचा, 16व्या वर्षी ब्लॅकबर्नला आला, त्याला साउथपोर्टला लोनवर पाठवलं म्हणजे पाचव्या डिव्हिजनला, तिथे काय, चिखल, लांब थ्रो-इन आणि अंगावर येणारे धिप्पाड फॉरवर्ड. पण तो सीझन संपता संपताच ब्लॅकबर्नकडून खेळला, मग ब्रेंटफर्ड, मग आर्सेनल. आता तो रस्ता बंद झालाय बरं का, ब्रेक्झिटनंतर 2021 पासून इंग्लिश क्लबांना 18 च्या खालचा परदेशी पोरगा घेताच येत नाही. आता असे पोरगे बेल्जियम, पोर्तुगाल वगैरेकडे वळतात, आणि माझ्या मते ते बरंच आहे, तिथे खेळायला तरी मिळतं. गोली ओब्लाक 17व्या वर्षी स्लोव्हेनियाहून बेनफिकाला गेला, त्यांनी पोर्तुगालमधल्याच चार छोट्या क्लबांत फिरवला, आणि 2014 ला 1.6 कोटी युरोला स्पेनच्या अ‍ॅटलेटिकोने उचलला.

उलटी बाजू पण ऐका. जिथे परदेशी खेळाडूंचा कोटा असतो तिथे तो कोटा गोलीवर कोण घालवणार, सगळ्यांना गोल मारणारा हवा. दक्षिण कोरियाने तर 1999 पासून 2025 पर्यंत परदेशी गोलींवर बंदीच घातलेली. व्हालेरी सारिचेव्ह म्हणून सोव्हिएत गोली तिकडे गेला, त्याच्या क्लबाने 1993 ते 95 सलग तीनदा लीग मारली, मग सगळेच परदेशी गोली आणायला लागले आणि घरच्या पोरांना जागा उरेना. गंमत म्हणजे या पठ्ठ्याने नंतर कोरियाचं नागरिकत्व घेतलं, नाव बदलून शिन उई-सोन झाला आणि पुन्हा खेळला.

जाळीमागे_उभा
मी कॉलेजला गोली होतो, काही फार मोठा नाही, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. गोली तोंडाने खेळतो. कॉर्नर आला की कोण कोणाला धरणार, लाइन वर कधी घ्यायची, कोणाच्या पाठीमागे माणूस सुटलाय, हे सगळं ओरडून सांगायचं आणि तेही एका सेकंदात. विंगर मुका असला तरी चालेल. 18 वर्षांचा पोरगा नव्या देशात जातो, भाषा येत नाही, आणि समोर 33 वर्षांचा स्टॉपर (मधला बचावपटू) ज्याला त्याने शिव्या घालून जागेवर उभं करायचंय, तो का ऐकेल? आमच्याकडे एकदा बाहेरच्या राज्यातला पोरगा गोलमध्ये आला, हात सोन्याचे, पण "सोड, माझा आहे" हे वेळेत तोंडातून निघेना, दोन मॅचमध्ये तीनदा आमच्याच बॅकच्या अंगावर आदळला. म्हणून पहिलं वर्ष बेंचवर गेलं तर मला ते वाया गेलं असं नाही वाटत. दुसरंही चालेल. तिसऱ्याला मात्र बॅग भरावी, खालच्या डिव्हिजनला का होईना.

आणि बेल्जियमचा गोली कुर्तुआ विसरलात सगळे. चेल्सीने 2011 ला घेतला, 19 वर्षांचा, त्यांचा पहिला गोली पीटर चेक याच्या मागे बसवण्यापेक्षा सरळ अ‍ॅटलेटिकोला तीन सीझन लोनवर. परत आला तो थेट चेकलाच बाहेर बसवून. लोन हवा तर असा, एकाच जागी, पहिल्या नंबरचा गोली म्हणून. मार्टिनेझसारखं दर सीझनला सामान उचलायचं म्हणजे दर वेळी चार नवे बॅक आणि चार नव्या सवयी.

पेनल्टी_बॉक्स
+1. फक्त असा लोन देणारा क्लब मिळायला पाहिजे, पोराच्या हातात थोडंच असतं ते.

खडूस_रेफरी
जाळीमागे यांचं पटलं, तिसऱ्या वर्षाचं. गुरप्रीतने पण साधारण तेच केलं म्हणा. आणि 2019 ला दोह्यात कतारविरुद्ध 0-0 झाली तेव्हा त्याने जे काही अडवलं ते बघून मी त्याच्याबद्दल वाईट बोलणं बंद केलंय. कतार तेव्हा आशियाई चॅम्पियन होते. आता ते नॉर्वेमुळे की बेंगळुरूत दर आठवड्याला खेळल्यामुळे, ते मला विचारू नका.

अर्धवेळ_गोली
मला वाटतं दोन्ही. बाय द वे सप्टेंबर 2016 ला मुंबईत पोर्तो रिकोविरुद्ध इंडियाचा कॅप्टन तोच होता, म्हणजे देशाचा कॅप्टन आणि क्लबात जागेची खात्री नाही, असं एकाच वेळी. मी स्टँडमध्ये होतो, पहिला गोल आपल्यावरच झाला आणि मागचा एक काका ओरडला "अरे ह्याला नॉर्वेत बसवूनच ठेवा". मग आपण चार मारले आणि तोच काका गुरप्रीतच्या नावाने शिट्ट्या मारत होता.