पीबीएचा २०२० चा हंगाम: एकाच स्पर्धेचे विजेतेपद पूर्ण मोलाचे मानावे का?

दर्यावर्दी:
मी व्यापारी जहाजावर अभियंता असून माझे बहुतेक सहकारी फिलिपिनो आहेत. त्यांच्या सहवासात फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशनची, म्हणजे पीबीएची, मला चांगलीच गोडी लागली. १९७५ साली सुरू झालेली ही आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे. तिथे एरवी एका हंगामात तीन स्वतंत्र स्पर्धा होतात आणि प्रत्येकीचा विजेता वेगळा असतो. २०२० मध्ये मात्र महासाथीमुळे फक्त फिलिपाइन चषक खेळला गेला आणि तो बारांगाय हिनेब्रा संघाने जिंकला. आमच्या जहाजावर या विजेतेपदाविषयी दोन तट पडले आहेत. जाणकारांनी आपले मत कारणांसह मांडावे, ही विनंती.

माधवराव:
माझ्या मते ते पूर्ण मोलाचेच आहे. उरलेल्या दोन स्पर्धांत, म्हणजे कमिशनर्स चषक आणि गव्हर्नर्स चषकात, प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो आणि बरेचदा सामन्याचा निकाल त्याच्याच हातात असतो. फिलिपाइन चषकात ही मुभा नसते, म्हणूनच तिथले रसिक त्याला सर्वांत मानाचा समजतात. हिनेब्रावर तर अनेक वर्षे हाच आक्षेप होता की, २०१६ पासून त्यांनी जिंकलेले सारे चषक जस्टिन ब्राउनली या अमेरिकी खेळाडूच्या जोरावर आले. फिलिपाइन चषक त्यांनी त्याआधी २००७ साली जिंकला होता. ब्राउनली नसताना तो पुन्हा जिंकून त्यांनी या आक्षेपाला मैदानावरच उत्तर दिले.

सह्याद्री:
माधवरावांचा मुद्दा मोलाचा असला, तरी त्या वर्षीची परिस्थिती नजरेआड करता येत नाही. त्याआधी सलग पाच वेळा हा चषक जिंकणाऱ्या सॅन मिगेल संघाचा जून मार फहार्दो, ज्याने लागोपाठ सहा हंगाम सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला होता, फेब्रुवारीत नडगीचे हाड मोडल्याने वर्षभर बाहेर होता. अंतिम मालिकेतही हिनेब्राचा प्रतिस्पर्धी असलेल्या टीएनटी संघाचा रे पार्क्स पहिल्या सामन्यानंतर दुखापतीमुळे खेळू शकला नाही. शिवाय खुद्द लीगनेही त्या वर्षी नेहमीचा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार न देता स्टॅन्ली प्रिंगलला केवळ त्या वर्षीच्या, संघांना एकाच ठिकाणी ठेवून प्रेक्षकांविना घेतलेल्या बंदिस्त स्पर्धेपुरता वेगळा पुरस्कार दिला. हंगाम अपुरा होता हे आयोजकांनाही मान्य होते, असाच याचा अर्थ मी घेतो.

अनुराधा कु.:
सह्याद्री, हंगाम अपुरा असणे आणि स्पर्धा अपुरी असणे यांत आपण फरक करायला हवा. ११ ऑक्टोबर २०२० रोजी क्लार्क येथील बंदिस्त व्यवस्थेत खेळ पुन्हा सुरू झाला. सर्व संघांचा मुक्काम एकाच हॉटेलात आणि सामने जवळच्या एंजेलिस शहरातील एका विद्यापीठाच्या प्रेक्षागृहात, तेही प्रेक्षकांविना, अशी ती योजना होती. बाराही संघ एकमेकांशी खेळले आणि प्रत्येकाच्या वाट्याला ११ सामने आले. संसर्गाच्या शंकेने मध्ये काही दिवस खेळ थांबला, तेव्हा भरपाईसाठी एकाच दिवशी चार-चार सामने घेतले गेले, पण सामन्यांची संख्या कमी केली गेली नाही.

दुखापतींविषयी म्हणाल, तर हिनेब्राचा एलए टेनोरियोसुद्धा आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झाले असताना मैदानात उतरला होता आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. सॅन मिगेललाही कोणी फुकटात हरवले नाही. गुणतक्त्यात वर असल्याने त्यांना उपांत्यपूर्व फेरीत एकच विजय पुरेसा होता, प्रतिस्पर्धी मेराल्को संघाला मात्र दोनदा जिंकावे लागणार होते आणि मेराल्कोने ते करून दाखवले. पुढे त्याच मेराल्कोने हिनेब्राला उपांत्य फेरीच्या पाचव्या सामन्यापर्यंत झुंजवले. तो सामना अखेरच्या क्षणांत स्कॉटी थॉम्पसनने दुरून टाकलेल्या तीन गुणांच्या फेकीवर ८३–८० असा सुटला. हिनेब्राचे निम्मे बळ त्यांच्या अफाट प्रेक्षकवर्गात असते, असे म्हणतात. ती गर्जना नसताना, रिकाम्या खुर्च्यांसमोर असा सामना त्यांनी काढला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

माधवराव:
अनुराधाताईंच्या म्हणण्याला एक जोड देतो. हंगामात तीनच स्पर्धा हव्यात, हा काही पहिल्यापासूनचा अबाधित नियम नाही. २००४–०५ पासून २००९–१० पर्यंत पीबीएच्या हंगामात दोनच स्पर्धा होत असत आणि हिनेब्राचा २००७ चा फिलिपाइन चषक त्याच काळातला आहे. महासाथीमुळे २०२१ चा हंगामही दोन स्पर्धांचाच झाला आणि त्यातला फिलिपाइन चषक टीएनटीने जिंकला. स्पर्धांच्या संख्येवर मोल ठरवायचे झाले, तर ही दोन्ही विजेतेपदेही कमी लेखावी लागतील.

दर्यावर्दी:
सर्वांचे आभार. २००७ च्या चषकाविषयीचा हा तपशील आमच्या चर्चेत कोणीच मांडला नव्हता. सह्याद्री यांचा पुरस्काराचा मुद्दाही मी सहकाऱ्यांपुढे ठेवीन, कारण विरुद्ध बाजूकडे त्याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.