'गृहशुश्रूषा' आणि घरचं 'करणं'

नागपुरात धंतोलीत दवाखान्यांच्या रांगेत एका पाटीवर 'गृहसुश्रुषा' वाचलं. आईला घरी आणल्यावर बाई लावायची होती म्हणून थांबलो, पण आधी शब्दावरच अडलो. लेखन बरोबर आहे का? आणि बोलताना हा शब्द आपल्या तोंडी का येत नाही? विचारलं, तर अशी उत्तरं आली :

— बरोबर लेखन 'शुश्रूषा'. दोन्हीकडे 'श', आणि 'श्रू' दीर्घ. धातू 'श्रु', म्हणजे ऐकणे. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची ती पिपासा, तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. गुरूचं ऐकायला जवळ बसायचं, तर त्याचं पाणी भरणंही आलंच. तिथून अर्थ सेवेकडे सरकला, मग आजाऱ्याकडे. गंमत म्हणजे 'चिकित्सा'ही याच साच्यातून निघालेला. 'सु' कुठून शिरला? बहुधा सुश्रुताच्या नावावरून. हा आपला माझा अंदाज.

— हे सारं ठीक आहे भाऊ, पण आमच्या घरी शुश्रूषा कोणीच करत नाही. नुसतं 'करते'. "सासूचं कोण करून राहिलं?" "मोठी सून. लय केलं बाप्पा तिनं." काय केलं ते कोणी इचारत नाही. भरवणं, कूस बदलणं, हगणं-मुतणं, सारं त्या 'चं'मध्ये आलं.

— 'देखभाल' सुचवणाऱ्यांसाठी : ती लिफ्टची होते. निगा झाडांची नि केसांची, संगोपन मुलांचं नि शेळ्यांचं. आजारी माणसाला यातलं एकही नीट बसत नाही.

— 'करणं' मला पटलं, पण एक शंका. बाळंतिणीचं करतात, आल्यागेल्याचं करतात; पगारी बाईबद्दल मात्र "रात्रीची बाई येते" एवढंच ऐकलंय. म्हणजे हे क्रियापद घरच्यांसाठीच राखलेलं दिसतं. मग जिथे पैसे मोजायचे तिथे 'गृहशुश्रूषा' सोयीचा आहे.

मूळ प्रश्न माझाच. पाटीवरच्या नंबरावर फोन केला, तर पहिला प्रश्न आला, "बारा तास की चोवीस?" शब्दाचा विषयच निघाला नाही. बाई लागून आता तीन आठवडे झाले. काल शेजारच्या काकू आल्या, तर आई बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "हे माझं करते."